अस्लम शेर खान : बाकावरून उठलेला फुल-बॅक

अस्लम शेर खान (जन्म १५ जुलै १९५३, भोपाळ) हे भारताचे माजी हॉकीपटू. मैदानावरची त्यांची जागा फुल-बॅकची, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा असलेला बचावाचा शेवटचा माणूस. १९७५ साली क्वालालंपूरला भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला त्या संघात ते होते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्येही ते होते. पुढे राजकारणात गेले, मध्य प्रदेशातल्या बैतूल मतदारसंघातून दोनदा लोकसभेवर निवडून आले आणि नरसिंह राव यांच्या सरकारात राज्यमंत्री झाले. त्यांचे वालिद अहमद शेर खान हेही हॉकीपटूच; १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात त्यांचं नाव आहे.

एवढी माहिती कुठेही मिळेल. मी हा लेख लिहायला बसलो तो एका पालकभेटीमुळे. नंदाखालच्या बाजूला मी राहतो, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो, खेळाचा तास माझा नाही. पण मैदानाकडे तोंड असलेला वर्ग असला की खेळ आपोआप दिसतो. नववीतला एक मुलगा हॉकीत बॅकला खेळतो. चांगला खेळतो. त्याची अम्मी भेटायला आली आणि म्हणाली, "सर, गोल मारणाऱ्याचं नाव तरी होतं. हा तर मागे नुसता उभा असतो. मॅच संपली की कुणी ह्याला विचारतही नाही. मग ट्यूशन बुडवून उपयोग काय?" आणि जाता जाता हळू आवाजात दुसरंही विचारलं : आपल्या मुलांना पुढे घेतात का हो?

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पण अस्लम शेर खान यांचं नाव आठवलं. त्यांची गोष्ट या दोन्ही प्रश्नांच्या मधून जाते, म्हणून ती नीट सांगतो.

फुल-बॅक म्हणजे कोण

जुन्या हॉकीत संघाची मांडणी ठरलेली असे. एक गोलकीपर, दोन फुल-बॅक, तीन हाफ-बॅक आणि पुढे पाच फॉरवर्ड. फॉरवर्डने चेंडू घेऊन पळायचं, चकवायचं, गोल करायचा. हाफ-बॅकने मधला पूल सांभाळायचा. फुल-बॅकने थांबायचं. समोरचा फॉरवर्ड सगळ्यांना चकवून आला की त्याच्या आणि गोलाच्या मधे हाच उभा. त्याने दहा वेळा चेंडू काढून घेतला तर कुणी वही घेऊन मोजत बसत नाही. अकराव्या वेळी चुकला तर गोल होतो आणि सगळं मैदान त्याच्याकडे बघतं. कॅनडा-अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळतात, तिथे या जागेवरच्या खेळाडूला डिफेन्समन म्हणतात, आणि तिथे ते पूर्ण वेळेचं, भरपूर पगाराचं काम आहे. आपल्याकडे त्या काळी हॉकीचा पगार नव्हता. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, एअरलाइन्स, बँका यांच्यात नोकरी मिळायची आणि त्या खात्याच्या संघातून खेळायचं.

पण फुल-बॅकला एक काम असं होतं जिथे सगळं मैदान त्याच्या काठीकडे बघायचं. ते म्हणजे पेनल्टी कॉर्नर. बचाव करणाऱ्या संघाने डीमध्ये नियम मोडला की समोरच्याला पेनल्टी कॉर्नर मिळतो. गोलरेषेवरून एक खेळाडू चेंडू बाहेर ढकलतो, डीच्या टोकावर दुसरा तो अडवतो आणि तिसरा जोरात फटका मारतो. त्या काळी चेंडू हाताने अडवायला परवानगी होती. फटका मारणारा बहुतेक वेळा फुल-बॅकच असे, कारण लांब आणि दणकट फटका हे त्याचं रोजचं काम. आज ड्रॅग-फ्लिक आला, तंत्र बदललं, पण माणूस बहुतेक तोच राहिला : बचावातला.

इतिहासातही असं झालेलं आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची फायनल भारत आणि पाकिस्तान अशी होती. भारत १–० ने जिंकला. तो एकमेव गोल रणधीरसिंग जेंटल यांचा, पेनल्टी कॉर्नरवर. जेंटल फुल-बॅक होते.

भोपाळ आणि बर्लिन

भोपाळ हे हॉकीचं गाव. नवाबांच्या काळापासून तिथे हा खेळ गल्लीगल्लीत खेळला जायचा. औबेदुल्ला खान यांच्या नावाची स्पर्धा १९३१ पासूनची, ऐशबाग स्टेडियमचं नाव जुन्या हॉकीवाल्यांना आजही तोंडपाठ. या शहराने ऑलिम्पिकला किती खेळाडू दिले याची यादी करायला बसलं तर पान भरेल. इनामुर रहमान, जलालुद्दीन रिझवी, समीर दाद ही नावं तर अलीकडची. जुन्यांत अख्तर हुसेन आणि लतीफुर रहमान. या दोघांची हकीकत मी इतिहासाच्या तासाला सांगतो. १९४८ ला लंडनमध्ये ते भारताकडून सुवर्णपदक जिंकले, नंतर पाकिस्तानात गेले आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये पाकिस्तानकडून रौप्यपदक जिंकले. फाळणी म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातल्या दोन परिच्छेदांपेक्षा या दोन पदकांवरून मुलांना लवकर कळतं.

१९३६ चा संघ मात्र अखंड हिंदुस्थानचा होता. मुंबई बंदरातून बोटीने निघालेला. कर्णधार ध्यानचंद. त्या संघात मुस्लिम खेळाडू बरेच होते आणि त्यातले अहमद शेर खान भोपाळचे. बर्लिनला पोहोचल्यावर सरावाच्या सामन्यात जर्मनीने या संघाला हरवलं होतं. त्यानंतर तार करून दारा नावाच्या खेळाडूला मागून बोलावून घेण्यात आलं. फायनल पावसामुळे एक दिवस पुढे गेली आणि १५ ऑगस्ट १९३६ रोजी झाली. त्याच जर्मनीला भारताने ८–१ ने हरवलं. पुढे अकरा वर्षांनी याच तारखेला देश आझाद होणार होता, हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

या संघातल्या दोन बापांची मुलं पुढे एकाच भारतीय संघात आली. ध्यानचंद यांचे अशोक कुमार आणि अहमद शेर खान यांचे अस्लम. एक फॉरवर्ड, एक फुल-बॅक. बर्लिनच्या संघाने सुवर्णपदक आणलं तसं या मुलांनीही काही आणावं अशी लोकांची अपेक्षा असणारच. घरात ऑलिम्पिकचं पदक असलं की मुलाच्या खांद्यावर ते ओझंही असतं. अशोक कुमार यांना तर आयुष्यभर ध्यानचंदांचा मुलगा म्हणूनच ओळखलं गेलं.

क्वालालंपूर, मार्च १९७५

हॉकीचा विश्वचषक सुरू झाला १९७१ ला. पहिल्या वेळी भारत तिसरा. १९७३ ला ॲम्स्टेलवीनमध्ये भारत फायनलला गेला, २–२ बरोबरी झाली आणि पेनल्टी स्ट्रोकवर नेदरलँड्सने कप नेला. म्हणजे १९७५ ला जाताना हाती काहीच नव्हतं, नुसती हळहळ. तयारीचं शिबिर चंदीगडला पंजाब विद्यापीठात झालं. मॅनेजर म्हणून बलबीरसिंग सीनियर, ज्यांच्याकडे स्वतःची तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. कर्णधार अजितपाल सिंग.

सोळा जणांचा संघ होता. त्यात शीख होते, हिंदू होते, ख्रिस्ती होते. झारखंडच्या सिमडेगा भागातून आलेले आदिवासी समाजाचे मायकेल किंडो होते. शिवाजी पवार हे नाव तर आपल्या शाळेच्या हजेरीपटातलं वाटावं असं. मुसलमान एकच, अस्लम शेर खान. वय एकवीस. फुल-बॅकच्या जागेवर सुरजित सिंग आणि किंडो हे दोघे पक्के होते, त्यामुळे अस्लम राखीव. म्हणजे बाकावर.

गटात भारताने इंग्लंडला २–१ हरवलं, ऑस्ट्रेलियाशी १–१ बरोबरी केली, घानावर सात गोल मारले आणि अर्जेंटिनाकडून १–२ हार खाल्ली. ही हार नामुष्कीची होती. शेवटच्या सामन्यात पश्चिम जर्मनीला ३–१ हरवलं तेव्हा कुठे सेमी फायनल गाठली. समोर यजमान मलेशिया. स्टेडियम भरलेलं, आवाज सगळा त्यांच्या बाजूचा.

मलेशियाने पहिला गोल केला. शिवाजी पवार यांनी बरोबरी साधली. मलेशियाने पुन्हा एक केला. २–१. सामना तेव्हा सत्तर मिनिटांचा असे. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळत होते, पण चेंडू आत जात नव्हता. सुरजित सिंग हे त्या काळातले जगातल्या उत्तम फटकेबाजांपैकी एक, त्यांनाही त्या दिवशी यश येत नव्हतं. घड्याळ पुढे सरकत होतं. पासष्ट मिनिटं झाली, आणखी एक पेनल्टी कॉर्नर मिळाला, आणि बलबीरसिंग यांनी किंडोंना बाहेर बोलावून अस्लमना आत पाठवलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आजच्या मुलांना यातला धोका कळत नाही. आज हॉकीत खेळाडू हवे तेव्हा आत येतात, बाहेर जातात, दोन मिनिटांनी परत येतात. तेव्हा तसं नव्हतं. बदली मोजक्या, आणि बाहेर काढलेला खेळाडू परत येऊ शकत नसे. म्हणजे किंडोंसारखा अनुभवी बचावपटू काढून टाकायचा, आणि अंग थंड पडलेला, बाकावर बसलेला पोरगा आत पाठवायचा तो एका फटक्यासाठी. तो फटका चुकला तर पाच मिनिटांत सगळं संपलं. आणि चुकवणारा संघातला एकुलता एक मुसलमान. हे शेवटचं वाक्य मी लिहितोय, कारण त्या अम्मीच्या दुसऱ्या प्रश्नामागे नेमकी हीच भीती होती. आपल्या घरांत ती बोलून दाखवत नाहीत, पण असते. पुढे 'चक दे इंडिया' या सिनेमाने २००७ साली हीच भीती पडद्यावर आणली आणि सगळ्या देशाने बघितली.

अस्लम आत आले. गळ्यातला तावीज काढून त्यांनी ओठांना लावला. (तावीजाबद्दल आपल्यातच वेगवेगळी मतं आहेत, तो वाद इथे नको. त्या क्षणी त्यांनी हे केलं, एवढंच.) चेंडू बाहेर आला, अडवला गेला, आणि फटका सरळ गोलात. २–२.

जादा वेळेत हरचरण सिंग यांनी गोल केला आणि भारत ३–२ ने फायनलमध्ये गेला.

मला या प्रसंगात गोलाहून जास्त ते बाकावर बसणं महत्त्वाचं वाटतं. पासष्ट मिनिटं एक माणूस बसून आहे, आपले लोक हरतायत हे बघतोय, काही करू शकत नाही. त्या वेळात मन कुठे कुठे जात असेल! राखीव खेळाडूचा सराव म्हणजे काठीचा सराव नुसता नाही, बसण्याचाही सराव असतो. वर्गात मी मुलांना सब्र या शब्दाचा अर्थ विचारतो तेव्हा बहुतेक जण "सहन करणं" म्हणतात. तयार बसणं हा अर्थ फारसा कुणाला सुचत नाही.

जुम्मा आणि फायनल

फायनल १५ मार्चला, शनिवारी. समोर पाकिस्तान. त्यांनी सेमी फायनलमध्ये पश्चिम जर्मनीचा ५–१ असा धुव्वा उडवला होता. फायनलआधीच्या जुम्म्याच्या नमाजला अस्लमना जायचं होतं, तेव्हा बलबीरसिंग त्यांच्याबरोबर मशिदीत गेले, ही आठवण पुढे अनेकदा सांगितली गेली. एक शीख मॅनेजर आपल्या एका खेळाडूसाठी मशिदीत जातो, आणि दुसऱ्या दिवशीचा सामना पाकिस्तानशी. भाषण न देता केलेली गोष्ट होती ती. बलबीरसिंग २५ मे २०२० रोजी गेले, तेव्हा ही आठवण पुन्हा निघाली.

फायनलमध्ये पहिला गोल पाकिस्तानचा. नंतर चव्वेचाळिसाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर सुरजित सिंग यांनी बरोबरी केली. एक्कावन्नाव्या मिनिटाला अशोक कुमार यांच्या फटक्याचा चेंडू गोलाच्या खांबाच्या कोपऱ्याला लागून बाहेर आला. पाकिस्तानच्या खेळाडूंनी गोल नाहीच म्हणून तक्रार केली, पण पंचांनी गोल दिला. २–१. जसदेव सिंग यांची रेडिओवरची कॉमेंटरी ऐकलेले लोक अजून आहेत, आमच्या आगाशी-बोळिंजकडच्या वडीलधाऱ्यांतही सापडतील. त्यांना विचारा, ते अशोक कुमारांचाच गोल सांगतील.

आता वहीत मांडून बघू. सेमी फायनलमध्ये भारत मागे पडला होता, शेवटच्या पाच मिनिटांतली बरोबरी कुणी केली? फुल-बॅक अस्लम शेर खान. फायनलमध्ये भारत पुन्हा मागे पडला, बरोबरी कुणी केली? फुल-बॅक सुरजित सिंग. विजयाचे गोल हरचरण आणि अशोक कुमार या फॉरवर्डांचे, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिले. पण बरोबरीच झाली नसती तर विजयाचा गोल आला कुठून असता? त्या अम्मीला मी हे असंच बोटांवर मोजून सांगितलं.

सुरजित सिंग फार जगले नाहीत. ७ जानेवारी १९८४ रोजी जालंधरजवळ मोटार अपघातात गेले. त्यांच्या नावाचं स्टेडियम जालंधरला आहे. ज्यांना बाहेर बोलावून अस्लमना आत पाठवलं गेलं, ते मायकेल किंडो ३१ डिसेंबर २०२० रोजी राउरकेल्यात वारले. बाहेर बोलावलेल्या माणसाचीही एक बाजू असते, ती कुणी लिहीत नाही.

पुरुष हॉकीत भारताला विश्वचषक मिळाला तो आजवर हा एकच.

मॉन्ट्रियल आणि गवत

पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिम्पिक. त्या संघात अस्लम होते, सय्यद अलीही होते. आणि तिथे पहिल्यांदा ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम गवतावर, म्हणजे टर्फवर खेळली गेली. भारत सातवा आला. १९२८ पासून हॉकीत पदक नाही असं ऑलिम्पिक भारताने बघितलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाने एका सामन्यात ६–१ असं हरवलं. सुवर्णपदक न्यूझीलंडला गेलं.

टर्फचा मार सगळ्यांना बसला, पण बचावपटूंचं कामच बदलून गेलं. मातीच्या किंवा गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडखळतो, वेग कमी होतो; बॅकला अंदाज घ्यायला एक श्वास मिळतो. टर्फवर चेंडू काचेवरून घसरावा तसा येतो. जागा बरोबर नसेल तर सुधारायला वेळ नाही. युरोप-ऑस्ट्रेलियाच्या मुलांना असल्या मैदानाची सवय लवकर झाली. आपल्याकडे टर्फ बसवायला वर्षं लागली. आमच्या शाळेचं मैदान लाल मातीचं, पावसाळ्यात चिखल, मे महिन्यात धूळ. नववीतला मुलगा जिल्ह्याच्या स्पर्धेत टर्फवर पहिल्यांदा उतरेल तेव्हा १९७६ ला झालं ते छोट्या प्रमाणात त्याच्याही बाबतीत होणार आहे. पैशाचा, जागेचा प्रश्न आहे तो, गुणवत्तेचा नाही.

१९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकला भारताने पुन्हा सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात अस्लम नव्हते. मुस्लिम खेळाडू मात्र होते. बनारसचे मोहम्मद शाहिद आणि जफर इक्बाल, दोघेही फॉरवर्ड, दोघांचीही नावं आजपर्यंत घरोघरी. जफर इक्बाल १९८४ ला भारताचे कर्णधार झाले. "आपल्या मुलांना घेतात का" या प्रश्नाला ही नावं उत्तर म्हणून पुरेशी आहेत असं मी म्हणणार नाही. पण ही नावं माहीत नसताना प्रश्न विचारला जातो, हे मात्र मला खटकतं.

पुस्तक, बैतूल, दिल्ली

१९८२ ला अस्लम शेर खान यांचं इंग्रजी पुस्तक आलं, नाव 'टू हेल विथ हॉकी'. हॉकी गेली जहन्नममध्ये, असा साधारण अर्थ. नावातच सगळा राग आला. सुवर्णकाळ संपला होता, संघटना चालवणारे आणि मैदानावरचे यांच्यात दरी पडली होती, आणि हे बोलणारा माणूस आत राहून आलेला होता.

मग राजकारण. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बैतूलमधून लोकसभेवर गेले. बैतूल आपल्याला वाटतं तितकं दूर नाही. अमरावती जिल्ह्याला लागून असलेला तो भाग, नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरचा. तापी नदीचा उगम तिथल्या मुलताईला. त्या पट्ट्यात मराठी बोलणारी गावं आजही आहेत. भोपाळचा हॉकीपटू तिथे उभा राहिला आणि लोकांनी निवडून दिला. १९८९ ला ती जागा भाजपच्या आरिफ बेग यांच्याकडे गेली. १९९१ ला अस्लम पुन्हा जिंकले. नंतर पक्ष बदलले, भाजपमध्ये गेले, परत काँग्रेसमध्ये आले. २०१९ मध्ये राहुल गांधी यांनी अध्यक्षपद सोडायचं ठरवलं तेव्हा दोन वर्षांसाठी ते पद सांभाळायची तयारी यांनी पत्राने कळवली होती. मागणी कुणी मनावर घेतली नाही, पण बातमी झाली. राजकारणातल्या या उलाढालींवर मत देणं माझं काम नाही. बाकावरचा माणूस उठून "मी तयार आहे" म्हणतोय, असं चित्र मात्र डोळ्यांसमोर आलं आणि हसू आलं.

२००८ ची गोष्ट मुंबईलाही लागून आहे. त्या मार्चमध्ये चिलीतल्या सांतियागोला भारत ग्रेट ब्रिटनकडून हरला आणि बीजिंग ऑलिम्पिकला पात्रच ठरला नाही. १९२८ नंतर पहिल्यांदा. प्रशिक्षक होते मुंबईचे जोकिम कार्व्हालो, स्वतः ऑलिम्पियन. पाठोपाठ महासंघाच्या सचिवांवर पैसे घेऊन निवड केल्याचा आरोप एका वाहिनीने दाखवला. एप्रिलमध्ये ऑलिम्पिक संघटनेने के. पी. एस. गिल यांच्या हाताखालचा महासंघ बाजूला केला आणि पाच माजी खेळाडूंची हंगामी समिती नेमली : अजितपाल सिंग, अशोक कुमार, जफर इक्बाल, आपल्या खडकीचे धनराज पिल्ले, आणि प्रमुख अस्लम शेर खान. सामना हातातून गेल्यावर आत पाठवण्याची ही दुसरी वेळ. फरक एवढाच की समितीला पेनल्टी कॉर्नर मिळत नाही.

आजचा बॅक

त्या अम्मीचा पहिला प्रश्न आज थोडा जुना झाला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताने कांस्यपदक जिंकलं, त्यात सगळ्यात जास्त गोल, दहा, कर्णधार हरमनप्रीत सिंग यांचे. हरमनप्रीत बचावपटू आहेत, ड्रॅग-फ्लिक मारणारे. त्याच वर्षी हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला आणि सर्वात महाग खेळाडू तेच ठरले, ७८ लाख रुपये. मागे उभा राहणाऱ्याला आज भाव आहे. पण लिलावापर्यंत देशातले मोजकेच पोहोचतात, हेही मुलांना सांगायला हवं. बाकीच्यांसाठी अजूनही नोकरीचाच रस्ता आहे.

म्हणून पालकांसाठी कामाच्या गोष्टी. शाळांसाठीची नेहरू हॉकी स्पर्धा दरवर्षी होते; १५ वर्षांखालील मुलं, १७ वर्षांखालील मुलं आणि १७ वर्षांखालील मुली असे गट असतात. मुलींच्या गटाकडे आपल्या घरांनी जरा लक्ष द्यावं, ही माझी विनंती. प्रवेश शाळेमार्फतच होतो, त्यामुळे जन्मदाखला आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना हे जूनमध्येच बघून घ्या. आपल्या नावांच्या स्पेलिंगचे किती प्रकार होतात ते मी हजेरीपटावर रोज बघतो, आणि चांगली पोरं स्पेलिंगमुळे बाहेर बसलेली पाहिली आहेत. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेने वेळेत पाठवावा लागतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावू नका, फाईलमध्ये ठेवा.

मुलाची अम्मी ऐकत होती. ट्यूशनची वेळ बदलता येईल का बघते, म्हणाली. मुलाने फक्त एवढंच विचारलं, "सर, त्यांनी तावीज काढून हातात घेतला की गळ्यातच ठेवून?" मी म्हटलं, नक्की सांगता येणार नाही. पुढच्या सुट्टीत त्याला आणि अजून चार जणांना विरारहून फास्ट लोकलने चर्चगेटला नेणार आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की काही मिनिटांवर महिंद्रा स्टेडियम आहे, १९८२ चा विश्वचषक तिथेच झाला होता. सामना असला तर बघू, नसला तर निदान टर्फवर पाय ठेवून देतात का ते विचारू.